ह्यांचं म्हणणं

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते गवार निवडायचं. मंगळवार होता. मुलगा आणि सून ऑफिसला गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुकानाच्या जाहिरातीचा रंगीत कागद पसरून हिनं त्यावर गवार ओतली होती. ही म्हणजे माझी बायको. समोरासमोर बसून आम्ही शिरा काढत होतो, शेंगा मोडून ताटात टाकत होतो, आणि ओट्यावरच्या गोल स्पीकरमधून बातम्या चालू होत्या.

तो स्पीकर मुलानं आणलेला. त्याला तोंडानं सांगायचं, मग तो लावतो. मी सांगितलं तर त्याला कळत नाही, हिनं सांगितलं की कळायचं. म्हणून लावायचं काम हिचं आणि आवाज वाढवायचं काम माझं, कारण त्याला वर बटण आहे. माझे कान अर्धे गेलेत. गावाकडे चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, कान गिरणीनं खाल्ले.

बातम्या मराठी. ईडन प्रेरी म्हणून एक गाव आहे, इथं अमेरिकेतच, पण आमच्या पार्सिपनीहून विमानानं जावं लागेल एवढं लांब. तिथली एक बाई रोज सकाळी वीस मिनिटं मराठीत बातम्या सांगते. इथल्या सांगते, तिकडच्या सांगते, थंडी किती पडणार ते सांगते. पॉडकास्ट म्हणतात त्याला. मी रेडिओ म्हणतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजी येत नाही. घराबाहेरच्या जगाचं जे काही माझ्या कानावर पडायचं ते ह्या वीस मिनिटांत. म्हणून त्या वेळात कुणी मधे बोललेलं मला चालायचं नाही.

त्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या एका मंगल कार्यालयात बिबट्या शिरल्याची बातमी होती. ऐन पंगतीत. लोक ताटं सोडून पळाले आणि बिबट्या जाऊन बसला आचाऱ्याच्या खोलीत. मी शेंग हातात धरून ऐकत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

मी हात वर केला.

हा हात गिरणीतला. गिरणी चालू असली की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या, बोलायला तोंड उघडायच्या, आणि मी पंजा वर करायचा. म्हणजे थांबा, हे दळण उतरू दे, मग बोला. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो हात माहीत होता. गिरणी विकली, गाव सुटलं, हात तेवढा बरोबर आला. टीव्ही लागला, बातम्या लागल्या, कुणी बोललं की हात वर.

ही तरीसुद्धा काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असतील. मी ऐकले नाहीत. ऐकू आले नाहीत असं म्हणत नाही मी. ऐकले नाहीत. बिबट्याला कसा धरला ते मला हवं होतं. बातम्या संपल्या आणि मी फिरायला बाहेर पडलो.

पाऊण तासानं परत आलो. खाली कुणी नव्हतं. वर गेलो तर ही पलंगावर बसलेली, पाठ भिंतीला टेकलेली. शेजारी घड्या घातलेल्या टॉवेलांची चवड आणि एक टॉवेल मांडीवर, अर्धी घडी झालेला. मी हाक मारली. मग हात लावला. मग मुलाला फोन केला. तेवढा एक नंबर लावायला हिनंच मला शिकवलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई मुलाशी बोलली आणि मुलानं मला मराठीत सांगितलं. हृदय बंद पडलं. मी म्हणालो, "एवढं एकाएकी?" मुलानं तिला विचारलं आणि मग मला म्हणाला, "बाबा, त्या म्हणतायत की बायकांना कधीकधी तास-दोन तास आधीपासून कसंतरी होत असतं. छातीतच दुखतं असं नाही. पाठ, जबडा, नुसतं गळून गेल्यासारखं. सकाळी आई तुम्हाला काही म्हणाली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. काय म्हणाली ते मला माहीतच नव्हतं. पण काहीतरी म्हणाली होती, आणि मी हात वर केला होता. एका बिबट्यासाठी बायकोला गप्प केलं होतं.

दिवसकार्य झालं. इथं सगळं शनिवार-रविवार बघून करतात, तसं झालं. पार्सिपनीतली मराठी माणसं आली. पुण्याची, नागपूरची, मुंबईची, सगळी मुलाच्या वयाची. मला काका काका करत होती. जो येईल तो एकच म्हणायचा, "चालताबोलता गेल्या काकू. नशीब लागतं." मी मान हलवायचो. चालती गेली हे कबूल. बोलती गेली त्याचंच तर मला लागलं होतं. काय बोलती गेली ते कुणी सांगेना.

बातम्या मी बंद केल्या. मुलानं दोनदा लावून दिल्या, दोन्ही वेळा मी उठून गेलो. त्याला वाटलं आईची आठवण येते. तसं वाटू दिलं. खरं काय ते कुणाला सांगायची माझी छाती झाली नाही. मुलगा आईवेडा. त्याच्या तोंडाकडे बघून "तुझी आई सांगत होती आणि मी हात वर केला" हे कसं म्हणायचं? जेवायला बसलो की समोरची खुर्ची आणि डोक्यात तेवढंच. पाठीत दुखतंय म्हणाली असेल. कसंतरी होतंय म्हणाली असेल. जरा बघता का, म्हणाली असेल. रोज नवीन वाक्य मी तिच्या तोंडी घालायचो आणि रोज आधीच्यापेक्षा वाईट.

असे दोन महिने गेले.

मग एका शनिवारी सून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. मुलाला काहीतरी काम होतं. गाडी सुरू केली तसा त्या ईडन प्रेरीच्या बाईचा आवाज आला. सून घाईनं बंद करायला गेली.

"राहू दे," मी म्हणालो. गाडीतून उठून जाणार कुठं?

"आज बातम्या नाहीत, बाबा. शनिवारी फीडबॅक असतो. लोकांची मतं."

ते मला ठाऊक होतं. शनिवारचं मी कधीच ऐकलं नव्हतं. लोकांनी आपापली मतं पाठवायची आणि ह्या बाईनं ती लावायची, हे मला कधी पटलं नाही. बातमी ऐकावी माणसानं. बातमीवर हजार जणांना काय वाटतं ते कशाला? शनिवारी तो कार्यक्रम लागला की मी हिला म्हणायचो, "ऐक तू ही बडबड," आणि काठी उचलायचो. ही काही बोलायची नाही. उलट मला जाऊ द्यायची घाई असायची तिला.

त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा ऐकलं. श्रूजबरीचा कुणी गृहस्थ होता, त्याला सुरुवातीचं संगीत लांब वाटत होतं. एका बाईला राजकारण कमी हवं होतं. तिच्यामागून एकजण आला, त्याला राजकारण जास्त हवं होतं. एकीनं सुचवलं की शेवटी एखादी रेसिपी सांगा. एकानं नुसतं "खूप छान उपक्रम, ताई" म्हणून ठेवून दिलं. ह्याला मत म्हणत असतील तर मग म्हणा. एक म्हातारा मात्र बरा बोलला. म्हणाला, बातम्या खऱ्याच सांगा, पण दिवसाला एक तरी बरी सांगा.

मग ती बाई स्वतः बोलली.

"आता एक मला विचारायचंय. पार्सिपनीच्या काकांचं म्हणणं गेले दोन महिने आलं नाही. काका, रागावलात का आमच्यावर? खूप जणांनी विचारलंय. श्रूजबरीच्या भाऊंनीसुद्धा विचारलंय, आणि त्यांना तर तुम्ही किती बोललात! काकू, काकांना सांगा, आम्ही वाट बघतोय. बरं, येते."

पूर्वी ती शेवटी "काळजी घ्या" म्हणायची. आता "येते" म्हणाली, ते माझ्या लक्षात आलं. पण त्याआधीचं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"हे पार्सिपनीचे काका कोण?" मी विचारलं.

सुनेनं गाडी हळू केली. "कोण म्हणजे? तुम्ही, बाबा!"

"मी?"

"आई तुमची मतं पाठवायच्या ना दर आठवड्याला. मला वाटायचं तुम्ही सांगता आणि आई रेकॉर्ड करतात."

"कसली मतं?"

"बाबा, सीरियसली? तुम्ही फेमस आहात. माझ्या टीममधली नागपूरची मैत्रीण मला विचारते, यार, तुझे सासरे खरंच एवढे फनी आहेत का? मी म्हटलं, घरी तर जेवायला वाढ एवढंच बोलतात."

डोळ्यांच्या डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तेव्हा माझं लक्षच नव्हतं. सुनेला वाटलं नजर बिघडली.

घरी आल्यावर तिनं हिचा फोन काढला. देवाच्या फळीखालच्या खणात मुलानं तो ठेवला होता, तोही अधूनमधून चार्ज करून. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुनेनं त्यात बघून सांगितलं की त्या बाईचे तीन-चार निरोप येऊन पडलेत, काकू बऱ्या आहात ना, असे. ते कुणी उघडलेच नव्हते. त्यांच्या वर हिनं पाठवलेले आवाजातले मेसेज होते, एकाखाली एक, ही लांबलचक रांग. सुनेनं एक लावला.

आणि ही बोलायला लागली. स्वयंपाकघरात, दोन महिन्यांनी.

"नमस्कार ताई. मी पार्सिपनीहून. ह्यांचं म्हणणं असं आहे की तुम्ही एका दमात तीन बातम्या सांगता. माणसानं चहाचा घोट गिळेपर्यंत तरी थांबावं."

मी असं कधी म्हणालो नव्हतो.

दुसरा लावला. "ह्यांचं म्हणणं असं आहे की सकाळी पहिलीच बातमी अपघाताची नको. लोक नाश्त्याला बसलेले असतात. ती मधे कुठंतरी घाला." तिसरा. "हे म्हणतात, निवडून आलेल्या बाईनं कुठली साडी नेसली होती ते तुम्ही आवर्जून सांगता. पुरुषांचा सदरा कधी सांगितलात? दोघांचं सांगा, नाहीतर दोघांचं सोडा." आणखी एक. "त्या श्रूजबरीच्या भाऊंना संगीत लांब वाटतं, तर हे म्हणतात, त्यांनी तेवढ्यात दात घासून घ्यावेत."

सून हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "हे तर सगळ्यात गाजलं होतं, बाबा."

"मी नाही बोललो हे. एकही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं आहे. एवढं शहाणं मी बोलेन का?"

तिला पटेना. मला मात्र लख्ख कळलं होतं. हे काही आजचं नव्हतं. शेजारणीनं सहलीला बोलावलं आणि हिला जायचं नसलं की "हे नको म्हणतात." मला कुणी विचारलेलंच नसायचं. नातलगांत कुणाचं लग्न जमवताना हिला मुलगा पसंत नसला की "ह्यांना तो काही बरा वाटला नाही." मी त्याला बघितलेलाही नसायचा. इथं आल्यावर सुनेनं हिला पोहण्याच्या क्लासला घालायचं काढलं, तेव्हाही "हे रागावतील." मी कशाला रागावतोय? सगळा जन्म तिची मतं माझ्या नावावर खपली आणि गावात मी करारी म्हणून प्रसिद्ध झालो. तसंच हे. मी फिरायला गेलो की बसायची आणि माझ्या नावानं अमेरिकाभर बोलायची. आणि मला जाऊ द्यायची घाई का, तेही कळलं.

खूप दिवसांनी हसलो मी. हसतच होतो तेवढ्यात सून म्हणाली, "आणि हा शेवटचा. अरे, हा त्याच मंगळवारचा आहे. सकाळचा. बापरे, सतरा मिनिटं? आई परत बंद करायला विसरल्या वाटतं. बोट दुखायचं म्हणून मीच त्यांना लॉक करायला शिकवलं होतं. एकदा लॉक केलं की बंद करेपर्यंत ते चालूच राहतं, आणि त्या विसरून जायच्या. लावू?"

मी हात वर केला.

"काय झालं, बाबा?"

"नको. ठेव तो खणात."

सतरा मिनिटं. म्हणजे गवार त्यात होती. बिबट्या त्यात होता. ती काय म्हणाली तेही त्यात होतं. आता मला ते आठवायची गरज नव्हती की मनानं बनवायची. ते खणात होतं, देवाच्या फळीखाली. नुसतं बोट लावायचा अवकाश.

पाच दिवस मी त्या खणाकडे पाठ करून जेवलो. ऐकलं आणि खरंच "कसंतरी होतंय" निघालं तर? मग पुढची जी काही वर्षं उरली असतील ती त्या एका वाक्याबरोबर काढायची. नाही ऐकलं तर निदान कदाचित तरी राहतं. पण ते कदाचितच मला खात होतं. शिवाय दुसरीही भीती होती. फोनमधलं हे असलं मला लावता येत नव्हतं. ऐकायचं तर कुणाला तरी शेजारी बसवूनच ऐकायला लागणार, म्हणजे ते त्यालाही कळणार.

गुरुवारी सून घरून काम करते. दुपारी जेवायला ती खाली आली तेव्हा मी म्हणालो, "तो फोन आण."

तिनं आणला. बसली. मी म्हणालो, "लावायच्या आधी ऐक." आणि सांगून टाकलं. गवार, बिबट्या, हात, डॉक्टरीणबाई काय म्हणाली, मी मुलाला काय म्हणालो, सगळं. लाज बाळगून अर्धवट सांगितलं असतं तर परत सांगावं लागलं असतं.

ती म्हणाली, "बाबा, दोन महिने? आणि हे एकटेच घेऊन बसलात?"

"कुणाला सांगणार होतो?"

"मी आधी एकटी ऐकू का? काही असेल तर..."

"काही असेल तर तू मला सांगणार नाहीस. गोड काहीतरी सांगशील. दोघं मिळून ऐकू."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि लावला. आधी मागं बातम्यांचा आवाज, लांबून. मग ही, फोनच्या अगदी जवळ, हळू.

"नमस्कार ताई. हे वर चष्मा शोधायला गेलेत, म्हणून पटकन सांगते. ह्यांचं म्हणणं असं आहे की तुम्ही शेवटी काळजी घ्या म्हणता, ते नका म्हणू. बातम्या ऐकून आधीच जीव टांगणीला लागलेला असतो. आपल्यात जाताना येते म्हणतात, तसं म्हणा. म्हणजे उद्या येणार एवढं तरी कळतं." मग जिन्यावर पावलं, माझी. "आले वाटतं," असं ही पुटपुटली, आणि खडखड झालं. फोन लपवला असणार, त्या जाहिरातीच्या कागदाखाली. बंद करायचा राहिला तो असा.

"सापडला का चष्मा?"

"बाथरूममध्ये होता."

"तिथं काय वाचत होतात?"

खुर्ची ओढल्याचा आवाज. मग शेंगा मोडल्याचा आवाज, कितीतरी वेळ. मधे मी खाकरलो. मधे ती खोकली. मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "खोकला आहे, बाबा. नुसता खोकला." मग बिबट्या आला. मी टेबलाची कड धरली.

"अहो, ऐकलंत का?"

हाताला आवाज नसतो. तिथं नुसता बिबट्या होता. आणि मग ही म्हणाली, "गवार सगळी जून निघाली हो."

एवढंच. गवार सगळी जून निघाली हो.

सुनेनं माझा हात धरला होता. फोन चालूच होता. ही स्वतःशीच म्हणाली, "हात वर. गिरणी चालू आहे," आणि हसली. मला हसली. चांगली खुदकन हसली. बिबट्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातला, मग थंडीचं झालं, मग ती बाई "काळजी घ्या" म्हणाली आणि बातम्या संपल्या. आता मी उठून जाणार, दाराचा आवाज येणार, असं मी धरून चाललो होतो. तसंच झालं होतं ना?

तर फोनमध्ये मी म्हणालो, "हां. काय म्हणत होतीस?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघत होतो.

ही म्हणाली, "सांगत होते तेव्हा पंजा दाखवलात."

"आता सांग की."

"गवार जून आहे म्हटलं. निम्मी टाकून द्यावी लागेल. दुपारी पिठलं करते."

"कर. मिरची बेतानं घाल."

"तुम्हाला विचारून कधी घातलीय? आणि फिरायला जाताय तर तो कोपऱ्यावरच्या ताईंचा डबा द्या त्यांना. चार दिवस पडलाय. रिकामा देऊ नका, लाडू घातलेत त्यात."

मग दार. मग शेंगा. मग एकदम जवळून, "अगं बाई! चालूच आहे का हे? ताई, पुढचं काही ऐकू नका हं." आणि संपलं.

तो डबा मी दिला होता. कोपऱ्यावरच्या बाईनं दार उघडलं, लाडू बघून हसली, हे मला दोन महिने स्वच्छ आठवत होतं. तो डबा हातात कुणी दिला, काय बोलून दिला, ते मात्र पुसलं गेलं होतं. हात वर केलेला तेवढा राहिला होता. माणूस स्वतःवर खटला भरायला बसला की साक्षीदारही आपल्याच सोयीचे बोलावतो, सुटकेचे नव्हे, फाशीचे.

"मी विचारलं होतं," मी म्हणालो.

"हो, बाबा."

"परत लाव तेवढं."

तिनं मागं नेऊन लावलं. काय म्हणत होतीस. आता सांग की. चार वेळा लावायला सांगितलं मी. पाचव्या वेळी तीच म्हणाली, "बाबा, माझी मीटिंग आहे, पण मी कॅन्सल करते." मी म्हणालो, नको, जा. ती गेली नाही. तिनं जेवण गरम केलं आणि आम्ही जेवलो. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अंगावरून धान्याचं पोतं उतरवल्यासारखं झालं होतं. पोतं उतरवल्यावर थोडा वेळ माणूस वाकलेलाच राहतो, पाठीला पटत नाही ओझं गेलं म्हणून, तसा मी संध्याकाळपर्यंत घरात फिरत होतो.

आतून तिला काही होत असेलही. डॉक्टरीणबाई म्हणाली तसं. ते तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं नाही ह्याचं दुःख आहेच, ते कुठं जात नाही. पण सांगितलं आणि मी हात वर केला, हे ते नाही. त्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मलाच माहीत.

संध्याकाळी मुलगा आल्यावर त्यालाही सांगितलं. तो रागावला, पण त्यावर नाही. "मला का नाही सांगितलंत?" म्हणाला. मग फोन घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि गाडीत बसून एकटाच ऐकत राहिला. सून त्याला जेवायला हाक मारायला निघाली, मी म्हणालो, बसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. एवढा उशीर मला कधी होत नाही. सून दारात येऊन बघून गेली होती म्हणे, श्वास चालू आहे ना ते. खाली आलो, तोंड धुतलं, चहा घेतला आणि तिला म्हणालो, "ऑफिसला निघायच्या आधी त्या बाईला निरोप पाठवायचाय. तू धर फोन, मी बोलतो."

तिनं धरला. मी बोललो ते असं.

"ताई, मी पार्सिपनीचा म्हातारा. तुम्ही गाडीत मला विचारत होतात, म्हणजे गाडीत मी ऐकलं. माझी बायको दोन महिन्यांपूर्वी गेली. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. तुम्हाला जी मतं यायची ती तिची होती. माझं त्यात एकही नव्हतं, मला ते गेल्या शनिवारी कळलं. लोकांना तसं सांगा. काकांचं म्हणून सांगत होतात, ते आता काकूंचं म्हणून सांगा. श्रूजबरीच्या भाऊंनाही सांगा, ते दात घासायचं तिनंच म्हटलं होतं. तिच्या तोंडून गेलंय, त्यांनी राग धरू नये."

मी थांबलो. सुनेनं बोट तसंच धरलं होतं. हळूच म्हणाली, "बाबा, आता तुमचं स्वतःचं काही?"

मी विचार केला. मग फोनकडे वाकून म्हणालो, "माझं असं सध्या काही नाही. दोन महिने ऐकलेलं नाही. आजपासून ऐकतो, मग सांगतो."

"पाठवू?" सुनेनं विचारलं.

"पाठव," मी म्हणालो, आणि तिला आजच्या बातम्या लावायला सांगून खुर्ची पुढं ओढली.